कोणता भुसा? एका ताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया तिखट आहे आणि बरीचशी बरोबर आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लाकडाच्या भुशावरच्या धिंगरीचा (म्हणजे ऑयस्टर मशरूम, खाण्याची अळिंबी) माझा लेख वाचून कऱ्हाड भागातल्या एका बचत गटाने 60 पिशव्या भरल्या. भुसा गरम पाण्यातून काढला, कोंडा मिसळला, बियाणं पेरलं. पाचव्या दिवशी छान पांढरं दिसत होतं, बाराव्या दिवसापर्यंत 52 पिशव्या हिरव्या पडल्या. ताई विचारतात, 'तुम्ही स्वतः कधी पिशवी भरलीय, की नुसतंच लिहिता?'

भरल्यात. माझ्याही हिरव्या पडल्यात आणि लेखात ते लिहायला लाज वाटली, हे आता कबूल करतो. खरी चूक मात्र वेगळीच आहे. 'पिशवीला दोन मुठी गव्हाचा कोंडा' असं मी लिहून गेलो. कोंडा घातला की नुसत्या गरम पाण्यावर भागत नाही, हे लिहायचं राहिलं. मी पिशव्या मोठ्या कुकरमध्ये शिजवतो, ते मनात गृहीत धरलं होतं. आणि 'दोन मुठी' हे काय माप झालं? तुमची मूठ वेगळी, माझी वेगळी.

तुमच्याच प्रतिक्रियेत एक वाक्य आहे: 'शेवटच्या 8 पिशव्यांना कोंडा पुरला नाही.' वाचलेल्या पिशव्याही आठच. त्या कोणत्या, हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण मी पैज लावायला तयार आहे.

नुसत्या लाकडाच्या भुशात नत्र जवळजवळ नसतंच. धिंगरी मुळात लाकूड कुजवून जगणारी, तिला ते कोरडं जेवण सावकाश पचतं. बाकीच्या बुरश्या तिथे उपाशी राहतात. कोंडा घातला की पंगत सगळ्यांनाच मोकळी होते, आणि पहिल्या पानावर येऊन बसते ट्रायकोडर्मा नावाची बुरशी. तीच, जी आपण आल्याच्या कंदकुजीवर पैसे मोजून आणतो! ती आधी पांढरीच असते, बीजाणू धरले की हिरवी होते. म्हणजे पाचव्या दिवशी तुम्हाला जे छान पांढरं दिसलं, त्यात धिंगरी किती होती याची मला शंकाच आहे. तुमच्याकडे आल्याचं पीक आहे म्हणून विचारतो, शेणखतात ट्रायकोडर्मा कालवलेलं घमेलं किंवा बॅरल या कामाला वापरलं नाही ना?

कोंडा घालायचाच असेल तर 1 किलो कोरड्या भुशाला 100 ग्रॅम, त्याहून जास्त नको. पिशवी पॉलिप्रॉपिलीनची हवी, साधी वितळते. प्रेशरखाली 15 पौंड दाब, 121 अंश, किमान दीड तास. कुकर नसेल तर 200 लिटरच्या ड्रममध्ये खाली पाणी, वर जाळी, आणि वाफ जोरात निघायला लागल्यापासून मोजून आठ-दहा तास. ड्रमचं तापमान शंभराच्या वर जात नाही, त्यामुळे काही जिवट बीजाणू उरतातच. ड्रमवाल्यांनी कोंडा अजून कमी करावा. पिशव्या रात्रभर गार होऊ द्या, गरम पिशवीत बियाणं मरतं. आंबूस वास येत होता असंही तुम्ही लिहिलंय. तो पाण्याचा दोष. भुसा मुठीत घट्ट दाबला तर दोन-चार थेंब निघावेत, धार नाही.

आता भुशाबद्दल. तुम्ही तो फर्निचरच्या दुकानातून आणलात. माझा लेख लाकडाच्या भुशाचा असला तरी आत नुसता 'भुसा' शब्द होता आणि आपल्याकडे भुसा म्हणजे गव्हाचाही, लाकडाचाही. त्यातही लाकूड कोणतं ते कोण विचारतो. सागाचं दार पन्नास वर्षं कुजत नाही, म्हणूनच त्याच्या भुशावर अळिंबीही नीट धरत नाही. प्लायवूड आणि एमडीएफच्या भुशात तर फॉर्मल्डिहाइडचा डिंक असतो, तो खाण्याच्या वस्तूखाली नकोच. मी इकडे संगमेश्वरला वखारीतून फक्त आंब्याचा भुसा आणतो, तोही समोर कापलेला.

'दारात सोयाबीनचं भुसकट असताना आम्हाला लाकडाच्या नादी का लावलंत?' या प्रश्नाला माझ्याकडे बचाव नाही. धिंगरीसाठी भुसकट सरसच आहे. रात्रभर भिजवून, 80 अंशांच्या पाण्यात तासभर ठेवून, निथळून भरलं तर कोंड्याशिवाय चालतं. माझ्याकडे 1 किलो कोरड्या लाकडी भुशाला 400 ग्रॅमच्या वर ताजी अळिंबी क्वचितच आली, भुसकटावर सहज त्याच्या पुढे गेली. लाकडी भुशाचं खरं काम शिताकेसारख्या (थंडीत येणारी जपानी अळिंबी) जातींना, आणि त्यांना लागणारा गारवा ना तुमच्याकडे, ना माझ्याकडे.

एका गोष्टीत मात्र तुमच्याशी सहमत नाही. बियाणं खराब होतं असं तुम्ही म्हणता; तेच बियाणं आठ पिशव्यांत चाललं. विकणाऱ्याशी भांडू नका.

जुना लेख आज रात्री दुरुस्त करतो, वर लाल अक्षरात. पुढच्या वेळी 60 नको, भुसकटाच्या 5 पिशव्या भरा. आणि हिरव्या पिशव्या अजून खोलीत असतील तर पिशवीचं तोंड न उघडता आजच बाहेर काढा आणि शेडपासून लांब खड्ड्यात पुरा. वाचलेल्या त्या आठ पिशव्या मात्र दुसऱ्या खोलीत हलवा.