उडता सरडा फक्त दाट रानातला नाही

उडत्या सरड्यावरच्या लेखात तो ‘घनदाट जंगलातच’ आढळतो असं म्हटलंय, ते अर्धंच खरं आहे. आमच्या सिंधुदुर्गातल्या दोडामार्गकडच्या पोफळीच्या, म्हणजे सुपारीच्या, बागेत तो मी लहानपणापासून बघतोय. सकाळी साडेनऊ-दहाला ऊन खोडावर आलं की नर दिसतो, शेपटीसकट जेमतेम वीतभर. आधी नुसती सालच वाटते. मग गळ्याखालची पिवळीधमक पट्टी फडकन बाहेर येते, आत जाते, पुन्हा बाहेर. खोडावर मुंग्यांची रांग असेल तर तिथेच बसून एकेक टिपत राहतो. उडी मारली की लांब फासळ्यांवर ताणलेला पडदा उघडतो आणि समोरच्या पोफळीवर अलगद चिकटतो.

केरळपासून कर्नाटक, गोवा करत सिंधुदुर्गापर्यंत तो आहे. त्याचे बाकीचे भाऊबंद आपल्या ईशान्येत आणि आग्नेय आशियात, म्हणजे दक्षिण भारतात हा एकटाच.

त्याला खोडाला खोड जवळ लागतं. जुन्या मिश्र बागेत माड, पोफळ, फणस, त्यावर मिरीचे वेल, आणि पलीकडे लगेच रान, हे सगळं मिळतं. आमच्या शेजारचा डोंगर रबरासाठी साफ केला, तेव्हापासून त्या बाजूच्या कडेला मला तो दिसलेला नाही. मादी अंडी घालायला जमिनीवर उतरते, मातीत पुरते. म्हणून बागायतदारांना कळकळीची विनंती, पोफळीच्या बुंध्याशी तणनाशक मारू नका.