पाच वर्षं झाली म्हणून क्लेम नाकारता येत नाही?

आरोग्य विम्याबद्दल एक मेसेज या ना त्या रूपात फिरत असतो. पॉलिसीला पाच वर्षं झाली की कंपनी कुठलाच क्लेम नाकारू शकत नाही, 24 तास ॲडमिट असलात की पूर्ण बिल मिळतं, कॅशलेसचं उत्तर तासाभरात आलं नाही तर मंजुरी गृहीत धरायची, आणि अटी आता सगळ्या कंपन्यांच्या सारख्याच, तेव्हा वाचत बसू नका. यातलं प्रत्येक वाक्य अर्धं खरं आहे, म्हणून जास्त घातक.

पाच वर्षांचा नियम खरा आहे. एप्रिल 2024 पासून आयआरडीएआयने, म्हणजे देशाच्या विमा नियामकाने, ही मुदत आठ वर्षांवरून सलग 60 महिन्यांवर आणली. पण तो नियम फक्त एवढंच सांगतो की त्यानंतर 'फॉर्ममध्ये आजार लपवला' या कारणावरून क्लेम अडवता येत नाही, तोही सिद्ध झालेली फसवणूक सोडून. पॉलिसीत मुळात वगळलेला उपचार, खोलीभाड्याची मर्यादा, को-पे (बिलातला आपण भरायचा ठरावीक हिस्सा) हे सगळं सहाव्या वर्षीही लागू असतं. तिसऱ्या वर्षी विमा रक्कम 5 लाखांवरून 10 लाख केली असेल, तर वाढीव 5 लाखांचे 60 महिने तिथून मोजायचे. आयुर्विम्यासाठी विमा कायद्याच्या कलम 45 मध्ये असलेली तीन वर्षांची मुदत ही वेगळीच गोष्ट. मेसेजवाले दोन्हींची खिचडी करतात.

पाच वर्षांच्या आतल्या क्लेममध्ये घोळ बहुधा केसपेपरवर होतो. ॲडमिट करताना घाईत नातेवाईक 'बीपी असेल आठ-दहा वर्षं' म्हणून जातो, निवासी डॉक्टर तेच लिहून घेतात आणि ते डिस्चार्ज समरीत उतरतं. पॉलिसी चार वर्षांची आणि बीपी दहा वर्षांचा, मग नकाराचं पत्र ठरलेलं. पहिलं निदान कधी झालं ते जुन्या कागदावरून बघून सांगा. चुकीचं लिहिलं गेलं असेल तर डिस्चार्जआधीच उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून सही-शिक्क्यानिशी दुरुस्त करून घ्या.

आता पूर्ण बिलाबद्दल. समजा विमा 5 लाखांचा आणि खोलीभाड्याची मर्यादा 1 टक्का, म्हणजे रोज 5,000. तुम्ही 8,000 ची खोली चार दिवस घेतली. लोकांना वाटतं, फरकाचे 12,000 गेले. पण सर्जन, ओटी, भूल, नर्सिंग यांचे दर खोलीच्या वर्गाप्रमाणे चढतात, म्हणून तेही पाच-अष्टमांश प्रमाणातच मिळतात. हा भाग 1,20,000 चा असेल तर त्यातले 45,000 कापले जातात. हातमोज्यांसारख्या, विम्यातून पैसे न मिळणाऱ्या वस्तूंचे 8,000 धरले तर खिशातून एकूण 65,000. मात्र औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांवर ही प्रमाणशीर कपात लावता येत नाही. आयसीयूच्या खर्चावरही नाही. ज्या हॉस्पिटलात सगळ्या खोल्यांना एकच दर असतो तिथेही नाही. टीपीएच्या (कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेच्या) हिशोबात हे तपासाच, कारण तिथेही चुका होतात.

24 तासांचं म्हणाल तर मोतीबिंदू, डायलिसिस यांसारख्या डे-केअर उपचारांना ती अट नसतेच. उलट नुसत्या तपासण्यांसाठी दोन दिवस भरती राहिलात तर 'एक्सक्लुजन 04' या, केवळ तपासण्यांसाठीची भरती वगळणाऱ्या कलमाखाली क्लेम नाकारला जातो.

एका तासाचा नियम मे 2024 च्या परिपत्रकातला. कंपनीने कॅशलेसवर तासाभरात निर्णय द्यायचा, डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत. उशीर झाला म्हणून मंजुरी आपोआप मिळत नाही. डिस्चार्जच्या तीन तासांनंतर हॉस्पिटलने जादा आकारणी केली तर ती कंपनीने सोसायची. कॅशलेस नाकारलं म्हणजे क्लेम बुडाला असंही नाही. बिल भरा, मूळ कागद सांभाळा आणि परताव्यासाठी क्लेम टाका.

राहिल्या 'सारख्या अटी'. वगळण्याच्या ठरावीक कलमांची भाषा एकसारखी केली आहे, एवढंच. जुन्या आजारांचा प्रतीक्षा काळ (ज्यात त्या आजारांवर क्लेम मिळत नाही) जास्तीत जास्त 36 महिने, पण त्याच्या आत कंपनीगणिक वेगळा. खोलीभाडं, को-पे, मोतीबिंदू-गुडघ्यांवरच्या उपमर्यादा यांत तर जमीन-अस्मानाचा फरक. सगळी पुस्तिका नको, पॉलिसीसोबत येणारं ग्राहक माहितीपत्रक तरी वाचा. पटलं नाही तर नवी पॉलिसी 30 दिवसांत परत करता येते.

क्लेम नाकारलाच, तर कोणत्या कलमाखाली ते लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जा. तिथे नकार मिळाला किंवा महिनाभरात उत्तर आलं नाही तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे अर्ज करा. महाराष्ट्रात त्यांची कार्यालयं मुंबई, पुणे आणि ठाण्यात आहेत, 50 लाखांपर्यंतच्या तक्रारी घेतात, फी नाही आणि वकीलही लागत नाही.