'शुद्धश्रोता' यांना, सबवूफरबद्दल, जरा लांबलचक

नमस्कार शुद्धश्रोता साहेब,

तुमची प्रतिक्रिया काल संध्याकाळीच वाचली, तेव्हाच उत्तर टाकलं असतं तर भाषा बिघडली असती म्हणून रात्र जाऊ दिली. बाकीच्यांसाठी थोडक्यात: मागच्या लेखात मी लिहिलं होतं की माझ्या साध्या दोन स्पीकरच्या स्टीरिओला दोन सबवूफर (थोडक्यात सब, फक्त खालचा आवाज वाजवणाऱ्या पेट्या) जोडले आणि ख्याल ऐकायला जास्त मजा येऊ लागली. त्यावर साहेबांचं म्हणणं असं की आधी खोलीला बास ट्रॅप (खालचा आवाज शोषायला लावतात ते फोम वगैरे) लावायचे, तेवढ्या पैशात मोठे टॉवर स्पीकर आले असते, मध्ये डिजिटल क्रॉसओव्हर (वरचा आणि खालचा आवाज वेगळा करून वाटून देणारं यंत्र) घातला म्हणजे आवाजाची शुद्धता गेली. आणि मग हे: "ज्याला गाणं कळतं त्याला सब लागत नाही. तंबोऱ्या-तबल्यात खाली असतं काय? आमच्या पुण्यात सब डीजेवाले लावतात. तुमच्याकडे लाइव्ह ऐकायला मिळत नाही म्हणून असले प्रयोग सुचतात."

मत वेगळं असायला माझी ना नाही, पण हा सूर कुठला? मी तुम्हाला ओळखत नाही, तुम्ही मला ओळखत नाही, आणि मला गाणं कळतं की नाही याचा निकाल तुम्ही एका वाक्यात लावून मोकळे. अहो, ज्या इंदूरला तुम्ही ऐकण्याचं वाळवंट समजता तिथे अमीर खाँसाहेब वाढले, घराण्याला नाव या गावाचं आहे, आणि त्यांची गायकी खालच्या सप्तकात किती वेळ रमायची हे तुमच्यासारख्या जाणकाराला मी काय सांगू. डीजेचंही आम्हाला नका शिकवू, रंगपंचमीला इथे राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते तेव्हा येऊन उभे राहा, मग डीजे काय असतो ते बोलू.

आता "खाली असतं काय". माझं लहानपण रामबागेत गेलं. आजोबा होळकर संस्थानात नोकरीला, घरात मिरजेचा तंबोरा, आणि गुरुजी गायला बसले की मागे तंबोऱ्यावर मी. तंबोरा मांडीवर घेऊन बसलेल्या माणसाला खर्ज, म्हणजे सगळ्यात खालचा सा, कानाआधी मांडीला कळतो, भोपळा थरथरतो ना. तारेखालचा जवारीचा दोरा केसभर सरकवला की वरची झणझण बदलते, पण ती खालची थरथर तशीच चालू राहते. आकड्यात हवं असेल तर घ्या: पुरुष गायक काळी एकला (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला) गात असेल तर षड्ज साधारण १३८ हर्ट्झ, खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९. डग्ग्याचा, म्हणजे तबल्याच्या डाव्याचा, घुमारा शंभराच्या आसपास नाहीतर खालीच. बायकांच्या पट्टीला हे सगळं वर सरकतं, तिथे तुमचं म्हणणं थोडंफार चालेल. आणि हो, ६९ वाजलाच नाही तरी वरच्या हार्मोनिक्सवरून (त्याच्या दुप्पट, तिप्पट अशा पटीतल्या स्वरांवरून) कान तो स्वर भरून काढतो, मोबाईलवरही तंबोरा ओळखू येतो तो त्यामुळेच. पण मोबाईलवर ओळखू येतं म्हणून तुम्ही स्टीरिओ विकला नाहीत ना?

माझ्या साडेसहा इंची वूफरला ६९ झेपतच नाही असं मी लिहिलेलं नाही, लेख परत वाचा. भानगड खोलीची आहे: भिंतींमध्ये आवाज आपटत राहतो आणि काही ठराविक स्वर कुठे फुगतात, कुठे गायब होतात. खोली १४ बाय १० फुटांची. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला की लांबीमुळे ४० हर्ट्झला फुगवटा येतो, रुंदीमुळे ५६ ला, आणि दोन्ही मिळून जो तिरका पडतो तो येतो नेमका ६९ ला! म्हणजे काळी एकचा खर्ज एका खुर्चीत घोंगावतो आणि हातभर सरकलं की गायब. स्पीकर हलवा म्हणाल तर डावा कोपऱ्यात आणि उजवा दाराशेजारी, गायक मध्ये दिसावा म्हणून तेच त्यातल्या त्यात बरं.

म्हणून सब. ८० हर्ट्झच्या खाली आवाज कुठून येतोय हे कानाला नीट कळत नाही, त्यामुळे खालचा भाग वेगळ्या पेटीत देऊन ती पेटी खोलीला मानवेल तिथे ठेवता येते. दोन यासाठी की १० फुटी भिंतींच्या मधोमध, समोरासमोर ठेवले तर लांबीचा फुगवटा दोघं मिळून मारतात आणि रुंदीचा व तिरका मुळात उठतच नाही. हे माझ्या डोक्यातून आलेलं नाही, हार्मन या ऑडिओ कंपनीच्या टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीपुढे यावर पेपर मांडलाय. आवाज वाढवायला सब घेतले असते तर एकच मोठा घेऊन कोपऱ्यात ढकलला असता, डीजेवाल्यांसारखा. जागा ठरवताना मी सब चक्क खुर्चीत ठेवला, खर्ज लावून दिला आणि स्वतः भिंतीकडेने गुडघ्यावर रांगत ऐकत फिरलो. शोकेसच्या काचा खडखडायला लागल्या तेव्हा बायकोने मुकाट्याने त्यात पेपरच्या घड्या खुपसल्या. लाइव्ह ऐकायला मिळत नाही म्हणून कोणी एवढं करतं असं वाटत असेल तर वाटू दे बापडं.

एक मात्र कबूल. फोटोत एका सबवर पितळी समई दिसते, ती तिथे नको होती. उचलली.

बास ट्रॅप म्हणाल तर ६९ हर्ट्झची एक लहर पाच मीटर लांब असते, तिला दोन इंच फोम दाखवून काय होणार. टॉवर घेतले तरी ते उभे राहणार त्याच कोपऱ्यात आणि त्याच दाराशी. डिजिटलने शुद्धता जाते तर मग सीडी कशाला ऐकता, महाराज? यावर जास्त लिहीत नाही.

पुढची कॉमेंट टाकाल तेव्हा तुमच्या खोलीची लांबी-रुंदी आणि खुर्ची कुठे असते तेवढं लिहा, फुटांत चालेल, मी गणित करून देतो. माझे कान तपासायचे असतील तर त्यासाठी इंदूरला यावं लागेल.