विलिस्टनचे आकडे जरा उघडून बघा
लेखात म्हटलंय की छोट्या गावाची लोकसंख्या आणि उत्पन्न दोन्ही वाढलं म्हणजे गाव सुधारलं, हे काही पटलं नाही. नॉर्थ डकोटातलं विलिस्टन घ्या, 2010 च्या जनगणनेत 14,716 लोक आणि 2020 ला 29,160, जवळजवळ डबल, कारण बाकनचं शेल ऑइल, म्हणजे तिथल्या बाकन नावाच्या खडकाच्या थरात अडकलेलं तेल. उत्पन्नाचा आकडा फुगला तो बाहेरून आलेल्या ड्रिलिंगवाल्या पोरांच्या पगाराने, जुन्या माणसाच्या हातात काय पडलं ते त्यात दिसतच नाही. अमेरिकेत जमिनीखालच्या तेलाचे हक्क जमिनीपासून वेगळे विकता येतात; ते ज्याच्याकडे त्याची चांदी, आणि ज्याच्या आजोबांनी ते हक्क कधीच विकून टाकले त्याच्या शेतातून नुसते ट्रक आणि धूळ! पेन्शनवर भाड्याने राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनी काय करायचं, 2014 च्या सुमारास तिथली भाडी अख्ख्या अमेरिकेत महागात महाग, आणि त्याआधी तेलाची लाट सुरू झाली तेव्हा कामाला आलेले लोक वॉलमार्टच्या पार्किंगमध्ये गाडीत झोपायचे तेही तिथल्या थंडीत. मग 2014 मधल्या पिंपामागे 100 डॉलरवरून 2016 च्या सुरुवातीला तेल 30 च्या खाली, विहिरी खोदणारे रिग बंद, नवीन बांधलेले फ्लॅट रिकामे. त्यामुळे उत्पन्नाच्या शेजारी भाडं किती वाढलं आणि जुनी किती कुटुंबं गावात टिकली हेही द्या ना प्लीज.