‘श्रेक’नं कोहेनला जगवलं म्हणे!

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला तीन ग्रुपवर आला. एक शाळेचा ग्रुप, एक जुन्या रेकॉर्ड जमवणाऱ्यांचा आणि तिसरा चक्क सोसायटीचा, जिथं एरवी पाणी कधी जाणार एवढंच कळतं. मेसेज लांबलचक आहे. मथितार्थ असा: कॅनडाचा लिओनार्ड कोहेन कवी म्हणून बरा, पण गायक म्हणून पडेल, सिनेमावाल्यांनी हात दिला म्हणून तरला. ‘मॅकेब अँड मिसेस मिलर’ या सिनेमासाठी त्यानं गाणी लिहून दिली, त्यातलं एक वेश्यांवरचं. मग लोक त्याला विसरले. पुढे २००१ साली ‘श्रेक’ या मुलांच्या कार्टूनपटात रूफस वेनराइट या गायकानं त्याचं ‘हॅलेलुया’ हे भजन गायलं आणि मेलेलं गाणं उठून बसलं. आणि शेवटी कोलांटउडी: सिनेमावाल्यांनी त्या गाण्याचा इतका चोथा केला की कोहेननंच ते वापरायला बंदी घातली.

म्हणजे सिनेमानं तारलं तेही खरं आणि मारलं तेही खरं. एकाच मेसेजात.

मी कोहेनचा भक्त आहे, हे आधीच सांगून टाकतो. कॉलेजात असताना एका मित्रानं मला ‘आय अ‍ॅम युअर मॅन’ भरून दिली होती. कॅसेटच्या पट्टीवर शाईपेननं ‘लेनार्ड कोएन’ असं लिहिलेलं, आणि मी कित्येक वर्षं चारचौघांत तसंच म्हणत होतो. तेव्हा भक्ताचं ऐकू नका, तारखा तेवढ्या बघा.

पहिला मुद्दा ‘मॅकेब’चा. त्यात कोहेनची तीन गाणी आहेत: ‘द स्ट्रेंजर साँग’, ‘सिस्टर्स ऑफ मर्सी’ आणि ‘विंटर लेडी’. तिन्ही त्याच्या पहिल्याच एलपीवरची, आणि ती एलपी आली डिसेंबर १९६७ मध्ये. सिनेमा १९७१चा. गाणी सिनेमासाठी लिहिली हे तिथंच संपलं.

खरी हकीकत जास्त गमतीची आहे. दिग्दर्शक रॉबर्ट ऑल्टमन या एलपीच्या प्रेमात होता, घासून घासून तबकड्या खराब होईपर्यंत ऐकायचा. मग तिचा त्याला विसर पडला. ‘मॅकेब’चं चित्रीकरण संपवून तो पॅरिसला गेला, तिथं तीच एलपी पुन्हा कानावर पडली आणि त्याच्या लक्षात आलं की आपल्या सिनेमाचं संगीत हेच. कोहेनला फोन केला. कोहेनला ऑल्टमनचा गाजलेला ‘मॅश’ ठाऊक नव्हता; आवडला होता तो त्याचा फारसा न चाललेला ‘ब्रूस्टर मॅक्लाउड’. तेवढ्यावर होकार मिळाला. म्हणजे चित्रीकरण आधी उरकलं आणि गाणी नंतर सापडली. तरीही सिनेमा बघताना वाटतं की पटकथा गाण्यांवरूनच लिहिली असावी.

सुरुवातच बघा. पाऊस, चिखल, अर्धवट बांधलेलं गाव. मॅकेब, म्हणजे वॉरन बीटी, घोड्यावरून येतो, स्वतःशीच काहीतरी पुटपुटत अंगावरचा केसाळ कोट उतरवतो, डोक्यावर गोल टोपी चढवतो. मागे ‘द स्ट्रेंजर साँग’ची गिटार, न थांबणारी, रेल्वेच्या रुळांसारखी. गाण्यात आहे एक पत्ते पिसणारा माणूस, आता खेळ सोडला असं दर वेळी सांगणारा आणि दर वेळी आसरा शोधत पुढच्या दारात उभा राहणारा. मॅकेब गुत्त्यात शिरतो, एकवार बघून बाहेर येतो, घोड्यावरून लाल कापड काढून आणतो, टेबलावर अंथरतो आणि पत्ते काढतो. त्या माणसाबद्दल आपल्याला पुढं दोन तासांत जे कळणार असतं ते गाण्यानं पाच मिनिटांत सांगून टाकलेलं असतं. आता सांगा, इथं कुणी कुणाला हात दिला?

‘पडेल’ या शब्दाबद्दलही थोडं. जूडी कॉलिन्सनं त्याचं ‘सुझॅन’ १९६६ मध्येच गाऊन लोकांपर्यंत पोचवलं होतं, त्याची स्वतःची एलपी येण्याच्या वर्षभर आधी. १९७० साली इंग्लंडमधल्या आइल ऑफ वाइटच्या महोत्सवात तो भल्या पहाटे लाखोंच्या जमावापुढे गायला. आणि १९७१ साली ऑल्टमन काही एकटा नव्हता. त्याच वर्षी जर्मनीच्या वेर्नर हर्झोगनं ‘फाटा मोर्गाना’त सहाराच्या वाळवंटावर कोहेन वाजवला, आणि तिथल्याच फासबिंडरच्या ‘बिवेअर ऑफ अ होली होअर’मध्ये शूटिंगसाठी खोळंबलेली मंडळी हॉटेलच्या बारमध्ये त्याचीच गाणी ऐकत बसलेली दिसतात. दोन देशांतले तीन दिग्दर्शक एकाच माणसाच्या दारात आले, तर तो माणूस बुडत होता असं म्हणायचं का?

आता ते ‘वेश्यांवरचं गाणं’. ही समजूत सिनेमामुळेच पसरली, आणि सिनेमा गाण्याचं काय करतो याचा हा उत्तम नमुना आहे. ‘सिस्टर्स ऑफ मर्सी’ची जन्मकथा कोहेननं मैफलींमध्ये अनेकदा सांगितली. कॅनडातलं एडमंटन, बाहेर हिमवादळ, आणि एका दाराच्या आडोशाला उभ्या असलेल्या दोन मुली. फिरस्त्या, राहायला जागा नाही. त्यानं त्यांना आपल्या हॉटेलच्या खोलीत आणलं. दमलेल्या मुली पलंगावर आडव्या झाल्या आणि झोपून गेल्या. हा खुर्चीत बसून राहिला. खिडकीबाहेर गोठलेल्या नदीवर चांदणं. सकाळी त्या उठल्या तेव्हा गाणं तयार होतं, आणि त्यांना ते तिथंच ऐकवलं. एकेका गाण्यावर वर्षानुवर्षं घासणाऱ्या कोहेनला एका बैठकीत पुरं झालेलं असं हे एकच गाणं. रात्रभर काहीच घडलं नाही, हाच त्या गाण्याचा विषय.

ऑल्टमननं ते ‘मॅकेब’मध्ये गावात आलेल्या वेश्यांच्या दृश्यांवर लावलं. गारठलेल्या, चिखलानं माखलेल्या बायका. गाण्यातली माया त्यांच्यावर पांघरली गेली. मला तो सिनेमातला सर्वांत हळवा भाग वाटतो. पण म्हणून गाणं त्यांच्यावर लिहिलेलं ठरत नाही. आपल्याकडे एखाद्या मालिकेत मरणाच्या प्रसंगावर तुकोबांचा अभंग वाजवला, तर तुकोबांनी तो त्या मालिकेतल्या सासूबाईंसाठी लिहिला असं आपण म्हणत नाही.

‘श्रेक’कडे येऊ. रूफस वेनराइट सिनेमात गातच नाही. सिनेमात आवाज आहे जॉन केल या वेल्सच्या गायकाचा. वेनराइटचा आवाज आहे सिनेमाच्या गाण्यांच्या सीडीवर. हे कसं? एका गाण्यात दोन हक्क असतात. शब्द आणि चाल यांचा एक, तो लिहिणाऱ्याचा किंवा त्याच्या प्रकाशकाचा. ध्वनिमुद्रणाचा दुसरा, तो ज्या कंपनीनं रेकॉर्ड काढली तिचा. सिनेमात गाणं वापरायचं तर दोन्ही परवानग्या लागतात, आणि सीडीवर घालायचं तर व्यवहार पुन्हा वेगळा. वेनराइट होता ‘श्रेक’ काढणाऱ्या ड्रीमवर्क्सच्याच रेकॉर्ड कंपनीत आणि त्याचा नवा अल्बम त्याच वर्षी यायचा होता. घरचा गायक असताना सीडीवर बाहेरचा कशाला? ज्यांनी सीडी घेतली त्यांच्या कानात वेनराइट बसला. सिनेमा पुन्हा लावून ऐका. केलचा कोरडा, खडबडीत आवाज लगेच ओळखू येतो.

आणि ‘मेलेलं गाणं’? इथं मेसेज लिहिणाऱ्यानं सतरा वर्षं गिळली आहेत. ‘हॅलेलुया’ ‘व्हेरिअस पोझिशन्स’ या १९८४च्या अल्बममधलं. तो अल्बम अमेरिकेत काढायलाच कोलंबिया कंपनीनं नकार दिला. तू थोर आहेस हे आम्हाला माहीत आहे, पण चांगला आहेस का ते कळत नाही, असं कंपनीचे प्रमुख वॉल्टर येटनिकॉफ त्याला म्हणाल्याचं कोहेन सांगायचा. शेवटी अमेरिकेत तो एका छोट्या कंपनीनं काढला. म्हणजे गाण्याची सुरुवात रखडली हे कबूल. पण पुढचं बघा. १९८८ साली बॉब डिलननं ते मॉन्ट्रियलच्या, म्हणजे कोहेनच्याच गावातल्या मैफलीत गायलं. १९९१ साली ‘आय अ‍ॅम युअर फॅन’ या अल्बमसाठी जॉन केलनं कोहेनकडे शब्द मागितले, तर फॅक्समधून पंधरा पानं बाहेर आली. केलनं त्यातली जरा चावट कडवी उचलली, पियानोवर बसला आणि गाण्याला आज आपण ओळखतो तो आकार दिला. तो ऐकून जेफ बकली या अमेरिकी गायकानं १९९४ साली ‘ग्रेस’ या अल्बममध्ये ते आपलं केलं. १९९७ साली बकली बुडून गेला, तेव्हा तिशीचा होता, आणि त्याच्यामागे ते गाणं त्याच्या चाहत्यांनी उराशी धरलं.

सिनेमातसुद्धा ‘श्रेक’ पहिला नव्हता. केलचंच ‘हॅलेलुया’ १९९६च्या ‘बास्कियात’मध्ये वाजून गेलं होतं. आणि मधल्या काळात ‘लोक विसरले’ म्हणाल, तर १९८८चा ‘आय अ‍ॅम युअर मॅन’ नॉर्वेत पहिल्या क्रमांकावर होता. १९९०च्या ‘पंप अप द व्हॉल्यूम’मध्ये ‘एव्हरीबडी नोज’, १९९४ला अ‍ॅटम इगोयानच्या ‘एक्झॉटिका’त पुन्हा तेच, आणि त्याच वर्षी ऑलिव्हर स्टोनच्या ‘नॅचरल बॉर्न किलर्स’ची सुरुवात ‘वेटिंग फॉर द मिरॅकल’नं आणि शेवट ‘द फ्यूचर’नं.

‘श्रेक’नं काहीच केलं नाही असं मात्र मी म्हणणार नाही. एका अख्ख्या पिढीनं हे गाणं पहिल्यांदा ऐकलं ते हिरव्या राक्षसाचं मन मोडलेलं असताना. तिथून ते शाळांच्या गॅदरिंगमध्ये आणि टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धांमध्ये शिरलं. डिसेंबर २००८ मध्ये ब्रिटनच्या खपाच्या गाण्यांच्या यादीत ‘एक्स फॅक्टर’ जिंकलेल्या अलेक्झांड्रा बर्कचं ‘हॅलेलुया’ पहिलं, बकलीचं दुसरं आणि खुद्द कोहेनचं छत्तिसावं होतं. श्रेय वाटायचंच तर केल आणि बकलीला आधी द्या, ‘श्रेक’ला नंतर.

जाता जाता एक मुंबईकर नोंद. ‘श्रेक’ घडत होता त्या वर्षांत कोहेनच्या मुंबईच्या वाऱ्या चालू होत्या. कॅलिफोर्नियातला झेन मठ सोडून १९९९ साली तो आला तो रमेश बाळसेकरांकडे. बाळसेकर म्हणजे बँक ऑफ इंडियाचे निवृत्त प्रमुख आणि खेतवाडीतल्या निसर्गदत्त महाराजांचे शिष्य. वॉर्डन रोडच्या बाजूला त्यांच्या घरी सकाळचा सत्संग चाले, तिथं हा गृहस्थ गुपचूप बसायचा. जगभर त्याचं गाणं कोण कुठं लावतंय याची उठाठेव करण्याच्या मनःस्थितीत तो असेल असं मला तरी वाटत नाही.

‘भजन’ म्हणाल तर शब्द भजनाचा आहे खरा. ‘देवाची स्तुती असो’ असा त्याचा हिब्रू अर्थ. पण कडव्यांत काय आहे? गच्चीवर न्हाणाऱ्या बाईला पाहून घसरलेला बायबलमधला दावीद राजा, बाईनं केस कापल्यावर बळ गेलेला तिथलाच शमशोन, खुर्चीला बांधून घातलेला प्रियकर. पहिल्या कडव्याची तर गंमतच. चौथा, पाचवा, मग मायनर, मग मेजर असं शब्द म्हणत जातात आणि त्याच क्षणी तेच कॉर्ड वाजतात. आपल्या सरगम-बंदिशीत ‘सा रे’ म्हणताना तेच स्वर लागावेत तसं. ‘श्रेक’ करणाऱ्यांनाही हे भजन नाही हे कळलं होतं, म्हणून तर मुलांच्या सिनेमासाठी चावट ओळी कापल्या. मेसेजवाल्यानं ऐकलं ते हे सोवळं ‘हॅलेलुया’.

राहिली बंदी. २००९ साली झॅक स्नायडरचा ‘वॉचमेन’ आला. त्यात उडत्या यानातल्या प्रणयदृश्यावर ‘हॅलेलुया’ आहे, तेही खुद्द कोहेनच्या आवाजातलं. मी बघितलं तेव्हा पुढची रांग खो खो हसली होती. एका समीक्षकानं लिहिलं की सिनेमात आणि टीव्हीवर हे गाणं वापरणं आता थोडे दिवस थांबवा. त्याच वर्षी एका मुलाखतीत कोहेन म्हणाला की ते परीक्षण मी वाचलं, मलाही काहीसं तसंच वाटतं. गाणं चांगलं आहे, पण फारच लोक गातात. झालं, ‘बंदी’ उगवली ती एवढ्यातून. ज्या अल्बमला कंपनीनं नाकारलं त्यातलंच गाणं इतकं चाललं, याचा सूड उगवल्यासारखा किंचित आनंद होतो, हेही त्यानं मिश्किलपणे सांगितलं होतं. ते मेसेजात नाही. बंदी घालणारा माणूस पुढच्या दौऱ्यांत रात्रीमागून रात्री हॅट छातीशी धरून, सत्तरी उलटलेले गुडघे टेकून तेच गाणं गात फिरला नसता. ठाम नकार मिळाल्याचं एक उदाहरण आहे, पण ते सिनेमाचं नाही आणि कोहेनचंही नाही. २०२० साली, त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, अमेरिकेतल्या रिपब्लिकन पक्षानं अधिवेशनासाठी गाणं मागितलं, त्याच्या वारसांकडून नकार आला, आणि तरीही ते वाजवलं गेलं. स्नायडरनं मात्र २०२१च्या ‘जस्टिस लीग’मध्ये ते पुन्हा घातलं, या खेपेला अ‍ॅलिसन क्रोच्या आवाजात.

एवढं सगळं सोसायटीच्या ग्रुपवर टाकणं बरं दिसलं नसतं. मी फक्त लिहिलं, “श्रेकमध्ये आवाज जॉन केलचा आहे, शेवटची नावं बघा.” दहा मिनिटांनी सेक्रेटरींचं उत्तर आलं: “मंगळवारी दुपारी पाणी येणार नाही. भरून ठेवणे.”