'पेशंट फॉर्मवर खोटंच लिहितात' या प्रतिक्रियेला उत्तर

तुम्ही एवढं मनापासून झापलंय म्हटल्यावर नुसतं 'धन्यवाद' टाकून सटकणं बरं दिसणार नाही, म्हणून जरा लांबलचक लिहितेय. बाकीच्यांसाठी: हार्ट फेल्युअरचे (हृदयाची रक्त पंप करण्याची ताकद कमी पडते, तो आजार) पेशंट स्वतःची काळजी कितपत घेतात हे प्रश्नावलीने मोजता येतं असं मी लिहिलं होतं. यांचं म्हणणं, पेशंट खोटंच लिहितात, त्यापेक्षा रक्तातलं एनटी-प्रोबीएनपी (हृदयावर ताण आला की वाढणारा घटक) बघा नि किती वेळा अ‍ॅडमिट झाले ते मोजा, आणि मार्क कमी पडले की खापर पेशंटवरच फुटतं.

खोटं लिहितात हे अर्धं मान्य. समोर सिस्टर उभी असताना 'गोळ्या विसरतो' असं कोण लिहिणार! पण लेखी नोंदीचं तरी काय? एका काकांनी वजनाची वही आणली, महिनाभराचं रोजचं वजन, एकाच पेनाने, एका बैठकीत उतरवल्यासारखं अक्षर, आणि रोज साडेबासष्ट. काटा चालतोय ना काका, विचारलं, तर सेल कधीचाच संपलेला. तेव्हापासून मी 'रोज वजन करता का' विचारतच नाही, 'आज सकाळी किती भरलं, नाश्त्याआधी की नंतर' असं विचारते, खरं काय ते लगेच कळतं.

एनटी-प्रोबीएनपीबद्दल मात्र पटलं नाही. हृदयावर किती ताण आहे ते त्यातून कळतं, माणूस घरी काय करतो ते नाही. किडनी बिघडली तरी ते वाढतं, वयानं वाढतं, लठ्ठ माणसात उलट कमी दिसतं. अ‍ॅडमिट होण्याचंही तसंच, सगळं नीट पाळणारा माणूससुद्धा साध्या इन्फेक्शनने अ‍ॅडमिट होतो, मग त्याला बेफिकीर म्हणायचं का?

आता मूळ मुद्दा, जो मी पोस्टमध्ये घाईत उरकला होता. नर्सिंग संशोधक बार्बरा रीगल यांची ही प्रश्नावली पहिल्यांदा 2004 मध्ये छापून आली, आणि 2019 च्या आवृत्तीत तीन भाग वेगळे केलेत: रोजची पथ्यं-औषधं, लक्षणं ओळखणं, आणि लक्षण दिसल्यावर काही करणं. मधल्या भागात दोन प्रश्न लागोपाठ येतात, त्रास होतोय हे किती लवकर लक्षात आलं, आणि तो हार्ट फेल्युअरमुळे आहे हे किती लवकर कळलं. सगळी मेख इथेच आहे बघा. एक आजी, गोळ्या घड्याळ लावून घेणाऱ्या, पहिल्या भागात भरपूर मार्क. रात्री एक उशी पुरायची तिथे तीन लागायला लागल्या, मोज्याचा वळ पायावर तासभर राहायचा, हे त्यांनीच मला सांगितलं, वर म्हणाल्या 'आता वय झालं'. दिसलं सगळं, जोडलं काहीच नाही. तीन दिवसांत दोन किलोच्या वर वजन गेलं तर ते बहुतेक साठलेलं पाणी असतं आणि लगेच फोन करायचा असतो, हे त्यांना कुणी नीट सांगितलंच नव्हतं. अशा बाईला गोळ्यांवर लेक्चर देऊन काय उपयोग? आणि हे रक्ताच्या रिपोर्टमधून मला कसं कळलं असतं?

खापराचं म्हणाल तर तिथे चूक माझीच. प्रत्येक भागाचे मार्क 0 ते 100 मध्ये काढतात आणि 70 किंवा त्याच्या पुढे असले तर काळजी पुरेशी मानतात, ते मी '70 ला पास' असं लिहून टाकलं. कमी मार्कांमागे आळसच असतो असं नाही, अक्षर दिसत नसतं, विसरायला होत असतं, या आजारात तेही बरंच दिसतं. (जाता जाता, टिनी यार्स्मा या संशोधिकेची याच विषयावरची युरोपियन प्रश्नावली वापरणार असाल तर जपून, मूळ 12 प्रश्नांच्या रूपात कमी आकडा म्हणजे चांगली काळजी, मीही एकदा उलटं वाचून बसले होते.)

पोस्टमधलं 'पास' खोडलंय. काकांच्या काट्यात सेल घातलाय, दुसऱ्या दिवशी वजन साडेचौसष्ट निघालं.