इंजिन कुणाचं?

वायुदलाचं मिग-२१ लढाऊ विमान निवृत्त झाल्याचा विषय ग्वाल्हेरच्या दौलतगंजच्या कट्ट्यावर अजून संपलेला नाही. बंडूदादानं आल्याआल्या फोन नाचवला. "लढाऊ विमानांच्या तुकड्या, म्हणजे स्क्वॉड्रन, मंजूर ४२, उरल्या २९! ११४ राफेल घ्या उद्याच्या उद्या, विषय खलास!"

"पैसे तुझ्या गल्ल्यातून का?" सुधीरभाऊंनी विचारलं.

"पैशाचं काय घेऊन बसलात! इच्छाशक्ती पाहिजे, इच्छाशक्ती!"

शर्वरी धातुशास्त्र शिकवते. "दादा, इच्छाशक्तीवर टर्बाइन फिरत नाही," ती म्हणाली. "आपल्या तेजस मार्क-१ए लढाऊ विमानाचंच घे, मागणी १८० विमानांची. ८३ची २०२१ मध्ये दिली, ९७ची २०२५ मध्ये. इंजिन अमेरिकेचं, जीई म्हणजे जनरल इलेक्ट्रिकचं. ९९ इंजिनांचा करार २०२१चा आणि पहिलं हातात पडलं मार्च २०२५ मध्ये. कारण काय, तर त्यांनी ती उत्पादनाची ओळच बंद केली होती, ती पुन्हा उभी करावी लागली. विमान आपलं, किल्ली त्यांच्या खिशात."

"मग आपल्या कावेरी इंजिनाचं काय झालं? १९८९ पासून ऐकतोय! सगळे सरकारी पगार खाऊन..."

"बंड्या, तू पाती पाहिलीस कधी?" नानांनी त्याला मध्येच तोडलं. नानांची नोकरी महाराजपुऱ्याच्या हवाई तळावर, मिराज लढाऊ विमानांच्या इंजिनांवर गेली. "पक्ष्यानं किंवा धावपट्टीवरच्या खड्यानं कॉम्प्रेसरच्या, म्हणजे हवा दाबणाऱ्या भागाच्या, पात्याला नखाएवढी खाच पडली, तरी बोरोस्कोप, म्हणजे आत डोकावायची नळी, घालून ती शोधायची. मर्यादेत असली तर घासून गुळगुळीत करायची, कारण तीच खाच पुढे तडा होते. तेलातल्या चुंबकावर चुरा दिसला की बेअरिंगवर संशय. हे झालं दुसऱ्यानं बनवलेलं इंजिन सांभाळणं. बनवणं तर त्याच्या कितीतरी पुढचं."

शर्वरीनं तोच धागा पुढे नेला. टर्बाइनच्या पात्यावरून जाणारा वायू त्या पात्याचा धातू वितळेल इतका, किंबहुना त्याहून गरम असतो. म्हणून पातं आतून पोकळ. कॉम्प्रेसरची हवा त्यातून खेळवायची, बारीक भोकांतून बाहेर सोडायची, म्हणजे पात्यावर त्या मानानं थंड हवेचा पापुद्रा राहतो. वरून सिरॅमिकचा लेप. तरीही, उष्णतेनं लाल झालेलं पातं फिरण्याच्या ओढीनं तासातासाला किंचित लांबतं आणि धातूचे कण जिथे एकमेकांना चिकटलेले असतात, तिथेच फाटतं. उपाय एकच, अख्खं पातं एका स्फटिकाचं ओतायचं. निकेलचा मिश्रधातू सिरॅमिकच्या साच्यात, खाली मळसूत्रासारखी वळणदार वाट. त्या वाटेतून एकच स्फटिक वर चढतो. मग साचा भट्टीतून अगदी सावकाश खाली ओढायचा. वेग चुकला की मध्येच दुसरा कण उगवतो आणि पातं भंगारात.

"आणि हे आपल्याला येत नाही असंही नाही," ती म्हणाली. "हैदराबादच्या डीएमआरएल या संरक्षण खात्याच्या धातू प्रयोगशाळेनं हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी ६० अशी पाती करून दिलीत, २०२१ मध्येच. अडतंय ते चाचणीत. कावेरी उंचीवर तपासायला २०१०ला रशियात न्यावं लागलं, त्यांच्या इल्युशिन-७६ या मालवाहू विमानाला टांगून. इंजिनाचा रेटा हवा होता ८१ किलोन्यूटन, तो गाठता आला नाही. २००८लाच तेजसपासून वेगळं काढलं होतं. जिथे दर चाचणीसाठी परदेशात रांग लावायची, तिथे चूक सापडायला महिना लागतो आणि ती सुधारली का हे कळायला वर्ष. आधी उंचीची चाचणी करणारं दालन आणि इंजिन टांगायला आपलं स्वतःचं विमान घ्या. राफेलच्या मानानं चिल्लर आहे ही."

मला तिचं शंभर टक्के पटतं. आपल्या जुन्या मारुत या लढाऊ विमानाचंही हेच झालं होतं. जर्मन अभियंता कुर्ट टँकचा सांगाडा देखणा, १९६१ला उडालासुद्धा, पण ज्या ताकदीचं ऑर्फियस इंजिन धरून तो आखला होता ते पुरं करायला पैसे दिले नाहीत. विमान जन्मभर अशक्त इंजिनावर उडालं.

"चीन बघा!" बंडूदादानं पवित्रा बदलला.

"बघच," शर्वरी म्हणाली. "वर्षानुवर्षं रशियन इंजिनं विकत घेत होता आणि शेजारी स्वतःचं डब्ल्यूएस-१० रखडत, बिघडत का होईना, चालूच ठेवलं. बंद नाही केलं. आणि तुझ्या व्हॉट्सअ‍ॅपवरच्या त्या पाकिस्तानी जेएफ-१७ लढाऊ विमानाच्या पोटातही रशियन इंजिनच आहे."

"आपल्या महादजींनी बघा," नाना सरसावले, "आग्र्याला स्वतःच्या तोफा ओतून घेतल्या!"

"हो, आणि पलटणींवर साहेब भाडोत्री," सुधीरभाऊ म्हणाले. "१८०३ला शिंद्यांचा फ्रेंच सेनापती पेरों गेला ना इंग्रजांच्या आसऱ्याला!"

"पेरों गेला ते गेला, पण तुमचे होळकर कुठे होते तेव्हा?" नानांचा आवाज चढला. सुधीरभाऊ इंदूरचे जावई, त्यामुळे हा हिशेब दर महिन्याला निघतो. "इंग्रजांशी लढताना आसईला नाहीत, लासवारीला नाहीत!"

"आणि १८०२ला हडपसरला शिंद्यांची फौज कुणी पळवली?"

"त्याचाच तर राग आहे!"

"इच्छाशक्ती पाहिजे, इच्छाशक्ती!" शर्वरीनं बंडूदादाचा हुबेहूब आवाज काढला आणि हसता हसता नानांना ठसका लागला. बंडूदादा मात्र गंभीरपणे फोनमध्ये हडपसर शोधत होता.